कुठल्या हाताने?

"शील्ड! मी शील्ड टाकतो!"

साताऱ्याहून आलेला मुलगा खुर्चीतून अर्धा उठला आहे. टेबलावर पसरलेल्या चौकटींच्या कागदावर बरणीचं एक मोठं झाकण त्याच्या सोंगटीला येऊन भिडलंय. ते झाकण म्हणजे सोटा घेतलेला धिप्पाड राक्षस, पुस्तकातला 'ऑगर'. वीस बाजूंचा फासा १६ वर थांबलाय. राक्षसाचे स्वतःचे ६ मिळवले की २२. मुलाच्या पात्राचा आर्मर क्लास, म्हणजे इथल्या बोलीत 'एसी', १८ आहे. सरळ हिशोबाने घाव बसला. पण 'शील्ड' हा मंत्र दुसऱ्याच्या टर्नमध्ये, घाव अंगावर येत असतानाच टाकता येतो आणि आपला पुढचा टर्न येईपर्यंत एसी पाचने वाढतो. १८ चे २३ झाले की सोटा हवेत जातो.

डीएम, म्हणजे खेळ चालवणारी डंजन मास्टर, पुठ्ठ्याच्या पडद्याआडून त्याच्याकडे बघते.

"कुठल्या हाताने?"

मुलगा आपल्या हातांकडे बघतो. खरोखरच्या. मग समोरच्या कॅरेक्टर शीटकडे. तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलंय : डाव्या हातात ढाल, उजव्या हातात मंत्राची काठी, अंगात कड्यांचं चिलखत.

आम्ही स्वारगेटला, शंकरशेठ रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहोत. रविवारची दुपार, पाऊस नुकताच थांबलाय. मी खिडकीशी स्टुलावर बसले आहे. खेळात नाही, फक्त बघते आहे. उघड्या तावदानातून एस.टी. स्टँडवरच्या घोषणा तुटक तुटक वर येतात : कोल्हापूर, फलाट, मग हॉर्नमध्ये बुडालेला आकडा. हा गट इथेच जमतो, कारण सगळ्यांच्या गाड्या इथे येऊन थांबतात. हा मुलगा साताऱ्याहून लाल डब्यातून येतो. कात्रजला सकाळी पोरांना मर्दानी खेळ शिकवणारे मामा दहावीतल्या भाचीला घेऊन पीएमपीच्या बसने येतात. त्यांना इथे सगळेच मामा म्हणतात. बँकेत नोकरी करणारा दादा पिंपरीहून येतो. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली तेव्हापासून त्याचा उशीर बंद झाला. आणि डीएम, शाळेत गणित शिकवणारी ताई, हे घर तिचंच.

डंजन्स अँड ड्रॅगन्स बाहेरून पाहणाऱ्याला पाच माणसं नुसती गप्पा मारताहेत असंच वाटेल. डीएम जग सांगते : बोगदा, ओल, दिव्याचा उजेड, पुढे काय दिसतं. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होऊन ते काय करतात ते सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या खोक्यातून हा खेळ बाजारात आणला. त्या पहिल्या दिवसापासून त्यात एक भिंत उभी आहे, आणि साताऱ्याचा मुलगा आत्ता तिच्यावरच आपटलाय : मंत्र टाकणाऱ्याने चिलखत आणि ढाल वापरावी की नाही?

"अगं ताई, पण मला चिलखताचं प्रशिक्षण आहे," तो म्हणतो. "पहिली लेव्हल फायटरची घेतली ती त्यासाठीच. मग विझार्डच्या तीन. नियमात स्पष्ट आहे, प्रशिक्षण असलेलं चिलखत घालून मंत्र टाकता येतो."

"येतो. चिलखताबद्दल माझं म्हणणंच नाही. मी हात विचारते आहे."

"काठीचा हात. आत्ताच नाही का त्या दोन गॉब्लिनांवर जाळं टाकलं, काठी हातात धरूनच?"

ताई २०१४ च्या आवृत्तीचं जाडजूड पुस्तक उघडते. पान तिला पाठ असावं. मंत्राला तीन गोष्टींपैकी काही लागतात : उच्चार, हाताची खूण, साहित्य. साहित्याच्या जागी काठी चालते, आणि ज्या हातात साहित्य आहे त्याच हाताने खूणही करता येते. जाळ्याच्या मंत्राला साहित्य लागतं, म्हणून तो काठीच्या हाताने टाकता आला. 'शील्ड'ला साहित्य लागत नाही. फक्त उच्चार आणि खूण. तेव्हा खूण करायला हात रिकामा हवा.

"म्हणजे जास्त सामान लागणारा मंत्र भरल्या हाताने जमतो आणि कमी सामानाचा जमत नाही?" मुलाचा आवाज चढतो. "हे कसलं लॉजिक?"

बँकेतला दादा हळूच म्हणतो, "माझ्या क्लेरिकचंही तेच होतं. देवाचं चिन्ह ढालीवर कोरलंय, ते साहित्याच्या जागी चालतं. पण जखम भरायचा साधा मंत्र टाकायचा तर गदा खाली ठेवावी लागते."

हा वाद जगभर जिथे जिथे हा खेळ मांडला जातो तिथे होतो. बहुतेक ठिकाणी कुणीतरी कंटाळून 'जाऊ दे, टाक' म्हणतं. ताई तसं म्हणत नाही. ती झाकण उचलून बाजूला ठेवते. "राक्षस थांबला. आधी हे मिटवू."

मला ती इथेच आवडायला लागते. नियम कंटाळवाणा आहे म्हणून ओलांडायचा नाही, आणि छापलाय म्हणून डोळे मिटून पाळायचाही नाही. त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं.

मामा उठतात आणि दाराशी ठेवलेली कापडी पिशवी घेऊन येतात. सकाळच्या वर्गातून थेट आलेत, सामान बरोबरच आहे. पिशवीतून लोखंडी पत्र्याची गोल ढाल निघते, बाहेरून चार पितळी फुलं ठोकलेली. टेबलावरचा चहा आपोआप बाजूला सरकतो.

"धर."

मुलगा ढाल उलटी करून बघतो. आत मधोमध दोन कड्या, त्यांच्या मागे एक छोटी गादी. दोन्ही कड्या एकत्र करून मुठीत घ्यायच्या, बोटांची पेरं गादीवर टेकतात.

"आता बोटं हलव."

मुलगा प्रयत्न करतो. करंगळी जराशी सुटते आणि ढाल लगेच खाली झुकते.

"इंग्रजी सिनेमात ढाल दंडाला पट्ट्यांनी बांधतात ना, मामा?" भाची विचारते.

"बांधतात. तिथे बोटं थोडी मोकळी राहत असतील. आपली ढाल मुठीची. मनगटावर फिरते, घाव घसरवून देते. ती घट्ट धरली तरच ढाल, नाहीतर पत्रा." मामा उजवा हात पुढे करतात. "आणि या हातात पट्टा असला तर विचारूच नको. कोपरापर्यंत लोखंडात. त्या हाताने नाक खाजवता येत नाही, मंत्राची खूण कुठली करतोस?"

मला पुस्तकातला तो रुक्ष नियम आता दिसायला लागतो. रिकामा हात म्हणजे काय, हे पत्र्याची ढाल मुठीत आल्यावरच कळतं.

दादा मघापासून गप्प आहे. तो चहाचा कप खाली ठेवतो, खुर्ची मागे सरकवून ताठ बसतो. "मी एक करून दाखवू? आजोबांनी शिकवलंय. सप्तशतीच्या पाठाआधी न्यास करतात, ते."

तो डोळे मिटतो. उच्चार मनातल्या मनात, हात मात्र स्पष्ट. आधी बोटं : तर्जनी अंगठ्यावरून फिरते, मग अंगठा एकेका बोटाच्या बुडापासून टोकापर्यंत सरकतो, शेवटी तळहात आणि त्यांची पाठ. मग अंग : उजवा हात हृदयाशी, मस्तकाशी, शेंडीच्या जागी. त्यानंतर दोन्ही हात छातीवर एकमेकांना छेदून जातात, उजवा डाव्या खांद्याला, डावा उजव्या खांद्याला. मग डोळे. आणि शेवटी उजवा हात डोक्याभोवती फिरून दोन बोटं डाव्या तळहातावर टाळी देतात. आवाज लहान पण खणखणीत.

"खांद्यांचं होतं ते कवच," तो डोळे उघडून म्हणतो. "आणि शेवटची टाळी अस्त्राची. हृदय, शिर, शिखा, कवच, नेत्र, अस्त्र. सहा."

भाची हरखून बघते आहे. "म्हणजे हे हातवारे आपल्याकडे आधीपासूनच आहेत?"

"आता ढाल घेऊन कर," ताई म्हणते. तिच्या डोळ्यांत शिक्षिकेची चमक आली आहे.

दादा मुठीत ढाल घेतो. बोटांचा न्यास पहिल्याच बोटाशी अडतो, कारण डाव्या हाताला बोटंच उरलेली नाहीत. हृदय, शिर, शिखा एका हाताने निभतात. कवचाशी तो थांबतो. डावा हात उजव्या खांद्याकडे नेतो तशी ढालीची कड हनुवटीवर आपटते आणि टण्ण आवाज होतो. टाळी द्यायला तळहात नाही, तिथे मूठ आहे.

"बघा," ताई म्हणते. "बाकी बरंच जमलं, पण नेमकं कवच आणि अस्त्र ढालीने अडवलं."

मुलगा हसतो. मघाचा राग ओसरलाय. पण हार मानायला तो तयार नाही, आणि मला ते बरं वाटतं, कारण त्याचा पुढचा प्रश्न खरा आहे. "ठीक आहे, ढाल अडवते. मग पहिल्या पुस्तकात चिलखत का बंद होतं? चिलखत थोडंच बोटं धरून ठेवतं?"

ताई सांगते. १९७४ च्या पुस्तिकेत मानवी जादूगाराला चिलखत नाही आणि शस्त्र म्हणाल तर खंजीर. एल्फ मात्र जादूचं चिलखत घालून मंत्र टाकू शकतो. कारण खेळाच्या तोलात आहे : एकाने शंभर माणसं जाळायची ताकद बाळगायची आणि वर लोखंडात सुरक्षितही राहायचं, तर शेजारी बसलेल्या तलवारवाल्याने करायचं काय? २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली तिने बंदी उठवून टक्के लावले. कड्यांच्या चिलखताला ३० टक्के, मोठ्या ढालीला १५. दोन्ही घातली की हाताच्या खुणेचे शंभरातले ४५ मंत्र फुकट. देवाचे मंत्र टाकणाऱ्या क्लेरिकला हे टक्के नाहीत. पुढे टक्केही गेले. २०१४ चं पुस्तक म्हणतं : प्रशिक्षण असेल तर टाका, नसेल तर एकही मंत्र नाही, आणि हात रिकामा ठेवा.

माझं मत विचाराल तर टक्क्यांचा नियम मला या तिन्हींत सर्वांत कच्चा वाटतो. त्यात खेळणाऱ्याने काही ठरवायचंच नसतं. फासा टाका, मंत्र फसला, डोकं धरा. हाताचा नियम दर फेरीला प्रश्न विचारतो : आत्ता तुला काय जास्त हवंय, ढाल, शस्त्र की मंत्र? आणि आकडे पाहिले की हा प्रश्न किती मोठा आहे ते कळतं. चिलखत नसलेल्या, एसी १२ च्या जादूगाराला हा राक्षस वीसपैकी १५ वेळा लागतो. १८ ला ९ वेळा. 'शील्ड'सकट २३ ला फक्त ४ वेळा. चिलखत, ढाल आणि मंत्र तिन्ही फुकट एकत्र दिली तर राक्षसाने यायचंच कशाला?

ही भिंत सगळ्या खेळांत आहे असंही नाही. १९७८ मध्ये आलेल्या रूनक्वेस्टमध्ये साधा भालाईतही दोनचार लढाऊ मंत्र बाळगून असतो, चिलखतासकट. ताई ते सांगते तेव्हा भाची एकदम म्हणते, "मग ते महाभारतासारखं झालं."

सगळे तिच्याकडे बघतात. तिने या सुट्टीत 'मृत्युंजय' वाचलंय. १९६७ सालची शिवाजी सावंतांची ती कादंबरी महाराष्ट्रात अजून याच वयात हातात पडते.

"त्यांच्यात तर सगळेच चिलखत घालून अस्त्रं टाकतात. अर्जुन, द्रोण, अश्वत्थामा. रथात उभं राहून. कुणी म्हणत नाही की लोखंडामुळे मंत्र चालला नाही. पण फुकटही नाही. कर्णाने कवच-कुंडलं कापून इंद्राला दिली आणि बदल्यात शक्ती घेतली. एकदाच वापरायची. ती घटोत्कचावर गेली. आणि परशुरामांच्या शापामुळे ऐन वेळी अस्त्र आठवलंच नाही." ती श्वास घेते. "म्हणजे किंमत आहे. फक्त ती वजनात नाही."

टेबलावर क्षणभर कुणी बोलत नाही. खाली कुणीतरी 'कात्रज, कात्रज, कात्रज' असं रिक्षातून ओरडत चाललंय.

मी त्या मुलीचं वाक्य वहीत उतरवून घेते, कारण आजच्या दुपारचं सार मला त्यात सापडतं. पाश्चात्त्य खेळाने मंत्राची किंमत बराच काळ अंगावरच्या लोखंडात मोजली. आपल्या कथांनी ती आठवणीत, शापात, वचनात, एकदाच वापरायच्या अटीत मोजली. जिरेटोपाखाली पोलादी टोपी आणि अंगरख्याखाली चिलखत घालून १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली गेलेल्या राजाच्या मुलखात 'चिलखत घातलं म्हणून देव धावला नाही' असं कुणाला सुचणार नाही. १५व्या-१६व्या शतकांत हिंदुस्थानात सुती सदऱ्यांवर कुराण बारीक अक्षरात लिहून घेत. तसा एक सदरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिथे रक्षण करणारे शब्द आणि अंगावरचं वस्त्र एकच झालंय. रामरक्षेतही डोक्यापासून पायांपर्यंत एकेका अवयवावर रामाचं एकेक नाव चढवत जातात. लोखंड आणि मंत्र यांचं वैर आपल्याला ठाऊकच नाही असं मात्र नाही. मामा लगेच आठवण करून देतात की त्यांच्या आईने बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवला होता, बाहेरचं काही येऊ नये म्हणून. पण तिथे लोखंड परक्याला अडवतं, घरच्याला नाही.

"द्रोणपर्वात अजून एक आहे," दादा म्हणतो. तो आता टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकलाय. "जयद्रथवधाच्या दिवशी. अर्जुन कौरवांची फळी फोडून आत घुसलाय. दुर्योधन द्रोणांना म्हणतो, मी त्याच्यापुढे कसा टिकणार? तेव्हा द्रोण स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणत, त्याच्या अंगावर कवच बांधतात. अर्जुनाचे बाण त्यावर आपटून पडायला लागतात. कृष्णालाही नवल वाटतं. अर्जुन ओळखतो, हे द्रोणांनी बांधलेलं. तो मंत्राचा बाण काढतो, तो अश्वत्थामा लांबूनच तोडतो. आणि अर्जुन म्हणतो, हे अस्त्र मला दुसऱ्यांदा टाकता येणार नाही, टाकलं तर माझ्यावरच उलटेल."

"मग?" मुलगा विचारतो.

"मग घोडे मारतो, सारथी मारतो, धनुष्य तोडतो. आणि दुर्योधनाच्या तळहातांवर बाण मारतो. कवचाबाहेर तेवढेच राहिलेले."

ताई पेन्सिल उचलते आणि पडद्याआडच्या कागदावर काहीतरी भराभर लिहायला लागते. मामा स्वतःचे तळहात उघडून बघतात. पट्टा फिरवून फिरवून दोन्हींवर घट्टे पडलेत.

"तळहात," ताई लिहिता लिहिता म्हणते. "मंत्र टाकायचा तर तो उघडा हवा, आणि उघडा आहे म्हणूनच तिथे बाण लागतो. एवढा सुंदर नियम गायगॅक्सच्या बापालाही सुचला नसता. ऐका. आपल्या टेबलापुरतं."

ती वाचून दाखवते. चिलखत आणि ढाल घेतलेल्या माणसावर दुसरा मंत्र जाणणारा रक्षामंत्र बांधू शकेल. स्वतःवर स्वतः बांधता येणार नाही. बांधायला दहा मिनिटं, म्हणजे लढाईच्या आधीच. मंत्राचा एक स्लॉट, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या मंत्रांतला एक, बांधणाऱ्याचा जाणार. ज्याच्या अंगावर बांधलंय त्याला त्या दिवशी एकदा, हात रिकामा नसतानाही, 'शील्ड'चे पाच मिळतील. एकदाच, कर्णाच्या शक्तीसारखे. पण समोरच्याच्या फाशावर १९ किंवा २० पडला तर घाव तळहातावर आलाय असं धरायचं : बांधलेला मंत्र तिथेच सुटेल आणि हातात जे असेल ते खाली पडेल.

"स्वतःवर का नाही?" मुलगा विचारतो.

"स्वतःच्या पाठीवर गाठ मारता येते का?" मामा म्हणतात. "चिलखत चढवायला दुसरा माणूस लागतोच."

हा मुद्दा ऐकून मुलगा गप्प होतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की यामुळे आपलंच पात्र मामांच्या फायटरवर मंत्र बांधू शकेल. तो मामांकडे बघतो, मामा त्याच्याकडे. तीन लेव्हली खर्चून एकट्याने अभेद्य व्हायला निघालेला हा पोरगा आता दुसऱ्याला कवच चढवायच्या विचारात पडलाय. त्या खोलीत आज मी जे जे पाहिलं त्यात हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. चांगला नियम माणसांना एकमेकांकडे वळवतो.

"पण हे उद्या सकाळपासून," ताई म्हणते. खेळातल्या उद्यापासून. "आत्ता दोन्ही हात भरलेत. घाव बसला."

झाकण परत जागेवर येतं. ताई आठ बाजूंचे दोन फासे टाकते : ५ आणि ६, वर ४. पंधरा. मुलगा शीटवरचे ३० खोडून १५ करतो.

"जाळं टिकतंय का बघ. एकाग्रतेचा फासा टाक. दहा हवेत."

इथे त्याची फायटरची लेव्हल कामी येते. घाव सोसूनही मंत्रावरचं ध्यान ढळू न देण्याची तालीम फायटरला सुरुवातीपासून असते, विझार्डला नसते. फाशावर ९, वर ४. तेरा. मागचे दोन गॉब्लिन जाळ्यातच अडकून राहतात. चिलखताने, ढालीने त्याला वाचवलं नाही. शिपाईगिरीने मंत्र मात्र वाचवला. त्याच्या चेहऱ्यावर मघाच्या हिशोबापेक्षा कितीतरी खरा आनंद आहे.

आता त्याचा टर्न. तो विचार करतो. ढाल उतरवण्यात अख्खी कृती जाईल, काठी टाकायला काहीच लागत नाही.

"काठी खाली टाकतो. उजवा हात मोकळा. बर्निंग हँड्स."

भाचीने तोवर पुस्तक स्वतःकडे ओढलंय. "ताई, यात तर लिहिलंय की दोन्ही अंगठे जुळवायचे, बोटं पसरायची, आणि दर बोटाच्या टोकातून ज्वाळा निघतात."

"साधा नियम म्हणतो एक हात पुरे," मुलगा घाईने म्हणतो.

"आणि मंत्राचं वर्णन म्हणतं दोन," दादा म्हणतो.

मामा काही न बोलता ढाल पुन्हा मुलाच्या हातात देतात. मुलगा ती डाव्या मुठीत घेतो, उजवा हात पुढे करून पाचही बोटं पसरतो आणि अंगठ्याला जोडीदार शोधत दोनदा ढालीच्या कडेवर बोट आपटतो.

"पाच बोटं, पाच ज्वाळा," ताई ठरवून टाकते. "एका हाताने टाकलास तर नुकसान निम्मं. ढाल टाकून द्यायची असेल तर आत्ता सांग, पण मग मंत्र पुढच्या टर्नला."

मुलगा जाळ्यातल्या गॉब्लिनांकडे बघतो, स्वतःच्या उरलेल्या पंधराकडे बघतो. "एका हाताने," तो म्हणतो आणि सहा बाजूंचे तीन फासे टाकतो. ६, ५, ३. चौदा, निम्मे सात. ताई राक्षसाचा फासा टाकते; त्याला चुकवता आलेलं नाही. ती झाकणावर पेन्सिलीने सातचा आकडा लिहिते.

"मी मागून जाते," भाची म्हणते. तिने तिची सोंगटी आधीच दोन चौकटी पुढे सरकवली आहे.